टीव्ही युनिटमध्ये पीसी बसवताय? या चुका टाळा

टीव्ही युनिटच्या कप्प्यात पीसी बसवायचा आणि सोफ्यावर बसल्यावर त्याचा आवाज ऐकू येता कामा नये, हे मुंबईच्या फ्लॅटमध्ये आरामात जमतं. जमत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष फर्निचरचा असतो, पण लोक आधी पंखा बदलतात. मग कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा-पट्ट्यांचा संच) बदलतात. मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ‘सायलेंट’ छापलेला पॉवर सप्लाय आणतात. सुताराला फोन सगळ्यात शेवटी जातो, तोवर सनमायका लागलेला असतो आणि घरातलं कुणीच नवं भोक पाडू द्यायला तयार नसतं. हवा कुठून येणार आणि कुठून जाणार हे प्लाय कापायच्या आधी ठरलं नसेल, तर तीन हजारांचा पंखाही सहाशेच्या पंख्यासारखाच ओरडतो.

हवा आत-बाहेर जाण्याचा रस्ता

पीसी जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन कप्प्यात उतरते. त्यामुळे पहिली खरेदी प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरची. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय, हा आकडा इथे कामाचा नाही. चित्रपट चालू असताना पूर्ण पीसी भिंतीवरच्या बोर्डातून किती ओढतो ते बघा. इंटेल एन१०० प्रोसेसरवर बांधलेला छोटा पीसी साधारण १० ते २० वॅटमध्ये काम भागवतो, रायझन ५ ५६००जी प्रोसेसरचा सेट ३०-४० च्या घरात राहतो. त्यात त्याच कप्प्यातला सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि त्यांचे अडॅप्टर धरा. बेरीज ६०-७० वॅटपर्यंत सहज जाते.

आता हिशेब. वॅटला ३ ने गुणा आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितके अंश गरम चालेल त्याने भागा, म्हणजे ताशी किती घनमीटर हवा खेळायला हवी ते कळतं. ७० वॅट आणि ७ अंशांचा फरक धरला तर ताशी ३० घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १८ घनफूट (सीएफएम). फरक १५ अंशांचा धरला तर निम्म्याहून कमी हवेत भागतं, पण मे महिन्यात हॉलमध्ये ३३ अंश असताना पीसीला ४८ अंशांची हवा ओढायला लावून वर शांततेची अपेक्षा करू नये. १८ सीएफएम हा आकडा मुळीच मोठा नाही. १२० मिमीचा बरा पंखा ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्या) मोकळ्या हवेत याहून जास्त हवा हलवतो आणि दोन मीटरवरून ऐकूही येत नाही. फक्त त्याच्या पुढे-मागे जागा मोकळी हवी.

ती नसते. मुलुंडच्या एका घरातलं भिंतभर युनिट हा त्याचा नमुना. पुढे काचेचं दार, मागे ६५ मिमीची दोन गोल भोकं, त्यावर वायरींसाठी ब्रशवाली झाकणं, आणि युनिट भिंतीला चिकटवून स्क्रूने पक्कं केलेलं. दोन भोकांचं मिळून क्षेत्र जेमतेम ६६ चौरस सेंटीमीटर. एका १२० मिमी पंख्याच्या वर्तुळाचंच क्षेत्र ११३ असतं. वर त्या भोकांत ब्रश, आणि बाहेर पडणाऱ्या हवेपुढे एका सेंटीमीटरवर भिंत. मालकांनी आधी कूलर बदलला. मग आतमध्ये आणखी दोन पंखे लावले, तेव्हा आवाज वाढला आणि तापमान तिथेच राहिलं, कारण तीच गरम हवा आतल्या आत गोल फिरत होती. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पीसी काढून फॅनलेस केस आणली. फॅनलेस केस आपल्या अंगावरच्या पट्ट्यांतून उष्णता खोलीत सोडते. इथे तिची खोली म्हणजे तो बंद कप्पा होता. आयपीएलची मॅच ऐन रंगात असताना पीसी स्वतःहून बंद पडला. तोवर खर्च झालेल्या पैशांत सुताराचे दोन दिवस सहज निघाले असते.

निदानाला दहा मिनिटं लागली. चित्रपट लावला, प्रोसेसर ८८ अंशांवर स्थिर झाला, दार उघडं ठेवलं, आकडा ६७ वर आला. हीच चाचणी प्रत्येकाने पंखा-कूलरवर एक रुपया खर्च करायच्या आधी करावी. दार उघडल्यावर तापमान दहा अंशांहून जास्त उतरलं तर दोष फर्निचरचा. दोन-तीन अंशच उतरलं तर कूलर नीट बसला आहे का ते तपासा, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला.

उपाय साधा होता. दाराची खालची कड कापून अडीच सेंटीमीटरची फट ठेवली. ६० सेंटीमीटर रुंदीला तिचं क्षेत्र १५० चौरस सेंटीमीटर होतं, आणि समोरून ती फट डिझाइनचाच भाग वाटते. मागच्या प्लायमध्ये कप्प्याच्या अगदी वरच्या टोकाला १२० मिमीचं भोक पाडून हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. युनिट भिंतीपासून पाच सेंटीमीटर पुढे घेतलं. शेवटचं काम लोक हमखास विसरतात: पीसीची केस आणि कप्प्याच्या बाजू यांमधली मोकळी जागा फोमच्या पट्ट्यांनी बुजवली, म्हणजे मागे सोडलेली गरम हवा बाजूने वळून पुन्हा पुढे येत नाही. जुने पंखेच परत लावले आणि ७०० आरपीएमवर काम झालं.

हवा खरंच कुठे जातेय हे बघायला उदबत्ती घ्या. दाराखालच्या फटीजवळ धरल्यावर धूर आत ओढला गेला पाहिजे. तिथेच रेंगाळला किंवा बाहेर आला, तर कुठेतरी हवा गोल फिरतेय.

जाळीबद्दल दोन गोष्टी. भोकांच्या पत्र्यात निम्मी जागा पत्राच असतो, म्हणून १५० चौरस सेंटीमीटर मोकळी जागा हवी असेल तर पत्रा ३०० चा घ्या. आणि पंखा जाळीला टेकवून लावू नका; पात्यांनी जाळीजवळून हवा कापली की शिट्टीसारखा सूर निघतो. मध्ये १५ मिमीची चौकट टाका, सूर जातो. झुरळं आत जातील म्हणून मच्छरांची बारीक जाळी लावायची असेल तर जरूर लावा, कारण झुरळांना गरम अडॅप्टरची जागा फार आवडते. पण मग फट दुप्पट करा आणि दर महिन्याला जाळी झटका. ते होणार नसेल तर लावूच नका.

हार्ड डिस्क थेट प्लायवर

दुसरी चूक जास्त चीड आणणारी, कारण ती करणारे आवाज कमी करायच्या नादातच ती करतात. ‘केस जागा खाते, म्हणून मदरबोर्ड आणि डिस्क सरळ फळीवरच स्क्रू केली.’ ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ५४०० ची ९० वेळा. हातात धरली तर ऐकू येत नाही, पण १८ मिमीच्या प्लायला पक्की केली की आख्खं युनिट गुरगुरतं. आत हवा आणि बाहेर पातळ पाठ असलेली प्लायची पेटी म्हणजे डग्गाच. ६ मिमीची मागची फळी तर त्याची पुडी.

खात्री करायची असेल तर गुरगुर चालू असताना मागच्या फळीवर तळहात दाबून धरा. आवाज बदलला तर कंपन फळीतून येतंय. अशा वेळी आतून काळा फोम चिकटवून काही होत नाही. ९० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळपास ३.८ मीटर असते. २५ मिमीच्या फोमला तो ओळखही देत नाही. फोमने थोडी चरचर कमी होते, आणि कप्प्याला आतून स्वेटर घातल्यासारखी उष्णता मात्र अडते. तरी दर दुसऱ्या घरात हा फोम दिसतो, कारण तो लावला की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

माझं मत सरळ आहे: हॉलमधल्या पीसीत फिरणारी डिस्क नकोच. ५०० जीबीची एसएसडी सिस्टिमसाठी पुरते, चित्रपटांचा साठा आतल्या खोलीतल्या डिस्कवर ठेवा आणि मध्ये लॅन केबल ओढा. वन बीएचकेमध्ये आतली खोली म्हणजे बेडरूमच, तिथेही गुरगुर नको असेल तर डिस्क टांगा. शिवणकामाच्या दुकानात मिळणारं जाड इलॅस्टिक दोन पदरी घेऊन साडेतीन इंची डिस्क हवेत लटकवली की कंपन कुठेच पोहोचत नाही. डिस्कचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, म्हणून गाठी पक्क्या हव्यात, आणि वर्षाने इलॅस्टिक बदलायचं. टांगलेल्या डिस्कची उष्णता केसच्या पत्र्यात जात नाही, तेव्हा तिच्यावरून थोडी हवा फिरू द्या आणि तापमान ४५ अंशांच्या खाली ठेवा.

याच कुळातला एक शॉर्टकट म्हणजे केसखाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड. ते ६० किलोच्या मशीनसाठी बनवलेले असतात. पाच किलोच्या केसखाली ते दबतच नाहीत, आणि जे दबत नाही ते कंपन अडवत नाही. चार मऊ सिलिकॉनचे पाय घ्या, बोटाने दाबल्यावर सहज चेपतील असे. पंख्यालाही स्क्रूऐवजी रबरी पिना.

पंख्याचं वर-खाली होणं

सलग मंद आवाज कानाला पाच मिनिटांत ऐकू येईनासा होतो. चढणारा-उतरणारा आवाज मात्र सतत ऐकू येत राहतो. मूळ सेटिंगमध्ये पंखा प्रोसेसरच्या प्रत्येक उचकीला धावतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ६० अंशांपर्यंत वेग एकच ठेवा, तिथून ८५ पर्यंत हळूहळू वाढवा, आणि वेग बदलण्याआधी थांबायचा वेळ जितका देता येईल तितका द्या. वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एका पळणाऱ्या पंख्यापेक्षा दोन रेंगाळणारे पंखे बरे, कारण दुसऱ्या पंख्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. फर्निचरच्या पंख्यासाठी ५ व्होल्टचा यूएसबी पंखा घेतला तर काम आणखी सोपं. अनेक मदरबोर्डवर पीसी बंद केल्यावरही यूएसबीला वीज राहते, त्यामुळे तो चालूच राहतो आणि कप्पा थंड करतो.

आणि कधीकधी पंखा धावतो तो खरंच काम असतं म्हणून. ५६००जीच्या ग्राफिक्सला एव्ही१ (व्हिडिओ दाबून छोटा करायची नवी पद्धत) व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडता येत नाही, एन१०० ला येतो. यूट्यूबने एव्ही१ पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि लोक पंख्याला शिव्या देतात. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करणारं एक्स्टेन्शन टाकलं की त्याऐवजी व्हीपी९ हा जुना प्रकार येतो आणि पंखा खाली बसतो.

उरलेल्या, पटापट

एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) त्याच कप्प्यात नको, पीसीच्या खाली तर नकोच. काही न वाजवता नुसता चालू असतानाही तो पीसीपेक्षा जास्त गरम होऊ शकतो.

वायरींसाठी २५ मिमीचं भोक पाडून सुतार निघून जातो आणि मग एक-दोन वायरी गेल्यावर एचडीएमआयचं टोक त्यातून जात नाही. ६० मिमी सांगा, कागदावर लिहून द्या.

कापलेल्या प्लायची उघडी कड तशीच सोडू नका. जुलैत ती ओल पिते आणि फुगते. एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) लावा, निदान ऑइलपेंटचे दोन हात मारा. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर पाच सेंटीमीटरची फट दुप्पट करा. सिलिका जेलच्या पुड्या हवा खेळणाऱ्या कप्प्यात ठेवणं हा विनोद आहे.

वायरलेस कीबोर्डचा डोंगल मागच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खुपसला की कीबोर्ड अडखळतो, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. मीटरभर एक्स्टेन्शन लावून डोंगल दाराजवळ आणा.

स्पीकरमधून घूं असा आवाज येतोय? केबलवाल्याची कोॲक्स वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबला तर अर्थिंगची गडबड आहे. तिथे आयसोलेटर (वायरीतला अर्थिंगचा जोड तोडणारा छोटा तुकडा) बसवा किंवा साउंड ऑप्टिकल केबलने घ्या. प्लगची अर्थिंगची पिन तोडून घूं घालवणाऱ्याला युनिटला हात लावू देऊ नका.

पॉवर सप्लायचा पंखा खाली तोंड करून फळीला टेकलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथे दोन सेंटीमीटरचे पाय हवेत.

साफसफाई गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा, शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर दर महिन्याला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर हवेच्या जोराने तो भलत्याच वेगाने फिरतो, बेअरिंग सैल होतं, आणि पुढच्या आठवड्यात तोच पंखा खडखडायला लागतो.