पाकीट पुढून नाही, मागून वाचा

मागच्या दिवाळीत नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून चिवड्याचं पाकीट आणलं. घरी आल्यावर तारखेची पट्टी नखाने सहज उचकटली आणि खालून दुसरी तारीख निघाली, तीन महिने आधीची. पाकीट परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, माल वरूनच तसा येतो." तेव्हापासून पाकीट आधी उलटं करतो, मग पिशवीत टाकतो. पुढची बाजू म्हणजे जाहिरात. खरी माहिती मागे, बारीक अक्षरात असते. फोनचा कॅमेरा मोठा करून वाचा, लाजायचं काही कारण नाही.

सुरुवात तारखेपासून. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' ही तारीख, दोन्ही हव्यातच. 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक आहे. ती चव-कुरकुरीतपणाची मुदत. पट्टीवर पट्टी किंवा पुसट शिक्का दिसला तर पाकीट ठेवून द्या. घरपोच माल मागवत असाल तर तो हातात पडताना निदान तीस टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलंय.

मग एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, आपल्याकडे १५. केंद्राचा परवाना १०० ने सुरू होतो. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर क्रमांक टाकून खरा-खोटा पाहता येतो. शाकाहारी खूण पूर्वीसारखीच, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. मांसाहारी खूण मात्र आता चौकटीत तपकिरी त्रिकोण असते, कारण रंग नीट न ओळखणाऱ्यांना हिरवा आणि तपकिरी ठिपका सारखाच दिसायचा.

आता घटकांची यादी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, असा नियम आहे. 'नाचणी बिस्किट' म्हणून घेतलेल्या पुड्यावर आधी मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि नंतर कुठे नाचणी असेल, तर ते मैद्याचं बिस्किट झालं! नाव किंवा चित्र मिरवलेल्या घटकाचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं, तेही शोधा. शेंगदाणे, गहू, दूध, सोयाबीन यांची ॲलर्जी असलेलं कुणी घरात असेल तर तशी सूचना यादीजवळच असते.

पोषणाच्या तक्त्यावर जरा थांबा, कारण फसगत इथेच होते. समजा चिवड्याच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम दिलंय. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं : सव्वादोन ग्रॅम. तक्त्यातले टक्के दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, धरून काढलेले असतात. कंपनी 'एक सर्व्हिंग ३० ग्रॅम' म्हणते आणि साडेतेरा टक्के दाखवते. मी घरच्या स्टीलच्या वाटीत चिवडा भरून काट्यावर ठेवला, साठाला दोनच ग्रॅम कमी भरला. म्हणजे एका वाटीत दिवसाचं सव्वीस टक्के सोडियम, आणि एका वाटीवर चिवडा थांबतो कुठे? साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण आणि वरून घातलेली. दुसरीची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते.

एवढं वाचून झाल्यावरच पुढची बाजू बघा. '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावातला 'ओआरएस' (जुलाबात द्यायचं क्षार-साखरेचं मिश्रण) शब्दही बंद केला. मे महिन्यात मूल जुलाबाने मलूल पडलं की मेडिकलमधून ओआरएस समजून फळाच्या चवीचा गोड डबा आणणारे मी पाहिलेत. खरी ओआरएस भुकटी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात.

वेष्टनाचंही बघाच. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे, तरी गरम भजी त्यातच मिळतात. तेलाने शाई सुटते आणि शिशासारखे जड धातू पोटात जातात. मिसळीचा उकळता रस्सा पातळ पिशवीत घेण्यापेक्षा घरून स्टीलचा डबा न्या. बहुतेक मिसळवाले ओतून देतात, फक्त आधी सांगावं लागतं.

गडबड सापडली तर पाकीट फेकू नका. पट्टी, बॅच नंबर आणि बिल यांचे फोटो काढा. तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा ग्राहकांच्या १९१५ हेल्पलाइनवर करता येते. नाशिकमध्ये अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालयही आहे. मी त्या दिवाळीत बिलच घेतलं नव्हतं.