फाइल उघडली, मराठी बिघडली: एडिटरमध्ये एन्कोडिंग कसं सांभाळायचं

सोसायटीच्या सभासदांची यादी, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, एखाद्या वेबसाइटचा मराठी मजकूर. फाइल एडिटरमध्ये उघडली आणि अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर सगळ्यात आधी एक करा: सेव्ह करू नका. ऑटो सेव्ह चालू असेल तर ते बंद करा, कारण चुकून एक स्पेस पडली तरी एडिटर पूर्ण फाइल नव्याने लिहून टाकतो. चुकीचं दिसणं हे नुकसान नाही. चुकीचं वाचलेलं सेव्ह झालं की नुकसान होतं. म्हणून मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि जे काही करायचं ते दुसऱ्या प्रतीवर करा.

फाइलमध्ये फक्त बाइट असतात. ते कोणत्या एन्कोडिंगने, म्हणजे कोणत्या बाइटांचं कोणतं अक्षर या कोणत्या तक्त्याने वाचायचे हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बहुधा कुठेच नोंदलेलं नसतं, त्यामुळे एडिटर ठरलेली सेटिंग वापरतो किंवा अंदाज बांधतो. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. इथे काना, मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘मुंबई’ म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये हाच शब्द १० बाइटचा होतो.

आधी लक्षणं पाहा

तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ए आणि त्याच्यामागे चार टोकांचं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ ची फाइल विंडोज-१२५२ म्हणून, म्हणजे रोमन लिपीसाठीच्या जुन्या एन्कोडिंगने वाचली जात आहे. कारण साधं आहे. देवनागरीचा प्रत्येक तीन बाइटांचा त्रिकूट ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतो (बाइट असे हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत लिहितात) आणि विंडोज-१२५२ मध्ये त्या बाइटांची हीच चिन्हं आहेत. फाइल शाबूत आहे, फक्त नीट वाचून घ्यायची आहे.

काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसलं, तर बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत. अजून सेव्ह केलं नसेल तर मूळ बाइट तसेच आहेत.

साधी प्रश्नचिन्हं ओळीने दिसली, तर ज्याने फाइल लिहिली तिथेच अक्षरं गेली. एक्सेलमधून नुसत्या ‘सीएसव्ही’ प्रकारात मराठी साठवलं की नेमकं हेच होतं. एडिटरमध्ये यावर उपाय नाही. पाठवणाऱ्याला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडून फाइल पुन्हा काढायला सांगा.

रिकामे चौकोन दिसले तर अडचण फक्त फॉन्ट नसल्याची आहे. प्रत्येक रोमन अक्षराआड शून्य बाइट दिसला तर फाइल यूटीएफ-१६ आहे.

वाचणं वेगळं, बदलणं वेगळं

बहुतेक गोंधळ या दोन आज्ञांची अदलाबदल झाल्यामुळे होतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खालच्या पट्टीत उजवीकडे एन्कोडिंगचं नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं की दोन पर्याय येतात. ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ तेच बाइट दुसऱ्या पद्धतीने वाचतो, डिस्कवरची फाइल बदलत नाही. ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ पडद्यावर आत्ता जे दिसतं तेच नव्या बाइटांत लिहितो. नोटपॅड प्लस प्लस या एडिटरच्या एन्कोडिंग मेन्यूमध्ये वरचे पर्याय वाचण्याचे आणि ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारे खालचे पर्याय बदलण्याचे आहेत. इंटेलिजे हा एडिटर विचारतो ‘रीलोड’ की ‘कन्व्हर्ट’.

क्रम नेहमी हाच ठेवा. आधी योग्य एन्कोडिंगने वाचा. मजकूर खरोखर नीट दिसतो का ते मधल्या आणि शेवटच्या ओळींपर्यंत तपासा. मगच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

‘दादर’ लिहून तपासू नका

मराठी लोकांना हे ठाऊक असायलाच हवं. विंडोज-१२५२ मध्ये ५ बाइटांना कोणतंही अक्षर दिलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपल्या दुर्दैवाने उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे, हलन्ताचा ८डी, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९० आणि ‘झ’चा ९डी. चंद्रबिंदूचाही ८१. चुकीचं वाचून सेव्ह केलं की काही साधनं हे बाइट टाकून देतात आणि त्यांच्या जागी काळी चौकट लिहितात. म्हणजे फटका बसतो तो प्रत्येक ऱ्हस्व उकाराला आणि प्रत्येक जोडाक्षराला.

‘ठ’चा शेवटचा बाइट ए० हा विंडोज-१२५२ मध्ये न तुटणारी स्पेस आहे. एखाद्या स्क्रिप्टने जादा स्पेस साफ केल्या की ‘ठाणे’ मोडतं. ‘भ’चा शेवटचा बाइट एडी म्हणजे अदृश्य संयोगचिन्ह, तेही सफाईत जातं.

‘दादर’ आणि ‘परळ’ या शब्दांत यातलं एकही चिन्ह नाही. ते दुरुस्तीनंतर हमखास नीट दिसतात आणि खोटी खात्री देतात. चाचणीसाठी ही ओळ ठेवा:

मुंबई, ठाणे, भांडुप, मुंब्रा, झवेरी बाजार, ऐरोली, एकसर, अँटॉप हिल, खाऱ्या वाऱ्यावर

शेवटचे दोन शब्द ‘ऱ्य’साठी आहेत. काही कीबोर्ड हे अक्षर अदृश्य जोडचिन्ह घालून बनवतात आणि ‘अदृश्य अक्षरं काढा’ अशा सफाईत ते निघून जातं. तुमची सगळी साखळी, म्हणजे एडिटर, स्क्रिप्ट, डेटाबेस आणि परत एडिटर, ही ओळ जशीच्या तशी परत देत असेल तरच ती भरवशाची.

दोनदा एन्कोड झालेली फाइल

यूटीएफ-८ म्हणून उघडूनही तीच तिरक्या रेघेच्या ए ची माळ दिसते, म्हणजे कुणीतरी चुकीचं वाचून सेव्ह केलं आहे. व्हीएस कोडमध्ये प्रतीवर ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’मधून वेस्टर्न विंडोज-१२५२ निवडा, मग लगेच ‘रीओपन विथ एन्कोडिंग’मधून यूटीएफ-८. वरचे ५ बाइट मजकुरात नसतील तर काम झालं. ते नियंत्रणचिन्हांच्या रूपात टिकून असतील तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची एफटीएफवाय ही लायब्ररी त्यांना सांभाळून परत आणते.

काळ्या चौकटी पडल्याच असतील, तरी सगळं संपलेलं नाही. दुरुस्तीची उलटी पायरी करण्याआधी त्या मोडक्या मजकुरातच शोधा. येनच्या चिन्हामागे चौकट असेल, तर व्यवहारात तिथे ऱ्हस्व उकार तरी होता किंवा हलन्त तरी. वर्तुळाच्या चिन्हामागे असेल, तर ए, ऐ, झ, ऍ किंवा चंद्रबिंदू. शब्दावरून कोणतं ते कळतं. छोटी यादी हाताने दुरुस्त होते. मोठी असेल तर मूळ फाइल मिळवण्यामागे लागा, त्यात वेळ कमी जातो.

बीओएम कधी हवा

फाइलच्या सुरुवातीचे ईएफ बीबी बीएफ हे ३ बाइट म्हणजे यूटीएफ-८ चा बीओएम (बाइट ऑर्डर मार्क), फाइलचं एन्कोडिंग सांगणारी खूण. सीएसव्हीवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडणारी माणसं असतील तर तो ठेवा, नाहीतर एक्सेल मराठीचा चुराडा करतं. कोडमध्ये मात्र नको. शेल स्क्रिप्टची पहिली ओळ ओळखली जात नाही, पीएचपी हेडरच्या आधीच काहीतरी बाहेर पाठवतं, आणि सीएसव्हीच्या पहिल्या रकान्याचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही प्रोग्रॅमला सापडत नाही. पायथनमध्ये वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या: बीओएम असो वा नसो, दोन्ही फाइली चालतात. चुका गिळणारा ‘इग्नोर’ पर्याय कधीही देऊ नका, तो अक्षरं गुपचूप खातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. विंडोज पॉवरशेल ५.१ (विंडोजमध्ये आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) बीओएम नसलेली स्क्रिप्ट यूटीएफ-८ म्हणून वाचत नाही, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर तिथे बीओएम लागतो. याच आवृत्तीत बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये ओतलेला मजकूर यूटीएफ-१६ होतो आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) त्या फाइलला बायनरी समजतं. पॉवरशेल ७ मध्ये दोन्ही गोष्टी सुधारल्या आहेत.

प्रकल्पात एकदाच ठरवा

प्रकल्पाच्या मुळाशी एडिटरकॉन्फिग फाइल (एडिटरना प्रकल्पाच्या सेटिंग सांगणारी) ठेवून तिच्यात कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. व्हीएस कोड मात्र ही फाइल स्वतःहून वाचत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘न्यू डॉक्युमेंट’च्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा आणि ‘अप्लाय टू ओपन्ड एएनएसआय फाइल्स’वर खूण करा. व्हीएस कोडमधला ‘ऑटो गेस एन्कोडिंग’ मूळात बंद असतो, तो बंदच राहू द्या. दोन-तीन मराठी शब्दांच्या फाइलवर असा अंदाज सहज चुकतो. स्वतः साधन लिहीत असाल तर आधी बीओएम पाहा, मग कडक यूटीएफ-८ तपासणी करा, ती फसली तरच माणसाला विचारा. बीओएम नसलेला यूटीएफ-१६ सोडला, तर दुसऱ्या एन्कोडिंगमधला खरा मराठी मजकूर योगायोगाने वैध यूटीएफ-८ निघणं फारच विरळ.

जुन्या डीटीपीच्या फाइली

छापखान्यांतून आलेल्या जुन्या फाइलींमध्ये नुसती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते, ठरावीक फॉन्ट लावला की मात्र सुंदर मराठी. तिथे कोणतंही एन्कोडिंग निवडून फायदा नाही, कारण फाइलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, त्यांचे आकार काढणारे तुकडे आहेत. त्या फॉन्टचं नेमकं नाव विचारा आणि त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. एकाच कुळातल्या दोन फॉन्टांचीही मांडणी वेगळी असू शकते. बदल झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासा: अशा फाइलींत वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, आणि कच्चा कन्व्हर्टर ‘किल्ला’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवतो.