निवेदन नको, प्रश्न लिहून न्या

खासदारांच्या कार्यालयात निवेदनांचा ढीग पडलेला असतो. आपण जातो, फोटो निघतो, पोच मिळते आणि ढीग एका कागदानं वाढतो. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होतो. निवृत्तीनंतर रेल्वे प्रवाशांच्या कामात पडलो, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो: लोकसभेत विचारता येईल असा प्रश्न लिहून न्या. निवेदनाला उत्तर द्यायला मंत्री बांधील नसतो. प्रश्न यादीत आला की उत्तर द्यावंच लागतं, आणि ते कायमचं नोंदलेलं राहतं.

आधी काम कुणाचं ते बघा. रंकाळा तलावातलं केंदाळ (जलपर्णी), घरफाळा, केएमटीची शहर बस यांसाठी दिल्लीला जाऊन उपयोग नाही. ते महापालिकेत, फार तर आमदारांमार्फत विधानसभेत. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, उजळाईवाडीचं विमानतळ, पीएफ, उसाची एफआरपी (कारखान्यांनी द्यायचा किमान दर) हे केंद्राचं. न्यायालयापुढं असलेला विषय प्रश्नात चालत नाही. कृष्णेच्या पाणीवाटपाचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर भांडण मांडण्यापेक्षा पुराचा अंदाज देणाऱ्या केंद्रीय जल आयोगाच्या कामाबद्दल विचारा. खासदारही आपला कोण ते माहीत असू द्या. इचलकरंजी-शिरोळची माणसं कोल्हापूरच्या खासदारांच्या दारात उभी असलेली मी पाहिली आहेत, त्यांचा मतदारसंघ हातकणंगले. आपला खासदार मंत्री झाला असेल तर तो प्रश्न विचारत नाही. मग राज्यसभेच्या सदस्याकडं जावं.

आता प्रश्न कसा लिहायचा, इथंच सगळी मेख आहे. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्ग घ्या. घाट उतरून कोकण रेल्वेला मिळणारा सुमारे 107 किलोमीटरचा मार्ग. ‘हा मार्ग कधी होणार?’ असं विचारलंत की ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढं येणार. त्याऐवजी असं लिहा:

(अ) या मार्गाला कोणत्या वर्षी मंजुरी मिळाली व मंजूर खर्च किती; (ब) मंजुरीपासून आजवर वर्षवार किती तरतूद झाली व त्यातली किती खर्च झाली; (क) किती हेक्टर जमीन लागणार, किती ताब्यात आली; (ड) विलंब झाला असल्यास त्याची कारणं काय व काम पुरं करण्याची मुदत कोणती?

यातला ‘वर्षवार’ हा शब्द सोडू नका. एकूण आकड्यात शून्य तरतुदीची वर्षं लपतात, वर्षवार तक्त्यात ती उघडी पडतात. प्रश्न 150 शब्दांच्या आत बसवा. त्यात मत मागायचं नाही, वाद घालायचा नाही, आणि उपरोधालाही नियमानं बंदी आहे. शेवटची अट आपल्या कोल्हापुरी माणसाला जरा जड जाते.

अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करून काही होत नाही. नोटीस किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाच्या उत्तराचा वार ठरलेला असतो. अलीकडं लोकसभेत रेल्वेचा बुधवार आहे. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात खासदारांच्या पीएंच्या हातात कागद पडला पाहिजे, इंग्रजी प्रतीसह. प्रश्न जास्त आले की चिठ्ठ्या निघतात. दिवसाला 20 तारांकित, त्यांची उत्तरं तोंडी. 230 अतारांकित, त्यांची लेखी. सगळ्यांना तारांकितच हवा असतो, कारण तो टीव्हीवर दिसतो. पण प्रश्नोत्तरांच्या तासाभरात थोडेच प्रश्न पुकारले जातात. 2019 च्या नोव्हेंबरात एकदा विसाचे वीस झाले, तर त्याची बातमी झाली! आकडे हवे असतील तर अतारांकित मागा. मंत्र्याला उपप्रश्नांनी घेरायचं असेल आणि खासदार अभ्यास करून उभा राहणारा असेल, तरच तारांकित.

‘सत्ताधारी पक्षाचा खासदार कशाला विचारेल?’ असं मला नेहमी ऐकवतात. 1957 साली एलआयसीनं उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत घातलेल्या पैशांवर सरकारला धारेवर धरणारे फिरोझ गांधी काँग्रेसचेच होते. पुढं चौकशीला छागला आयोग बसला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. विचारणारा विचारतो, त्याच्या हातात कागद पक्का द्यावा.

उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजी-हिंदीत मिळतं. गुळाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) हातात आली की शेतकरी आधी हमाली-तोलाई किती कापली ते बघतो, तसं ते वाचा: काय दिलंय यापेक्षा काय गाळलंय. चार पोटप्रश्नांना ‘(अ) ते (ड)’ असं एकत्र उत्तर आलं की समजा, एखादा गिळलाय. रेल्वेचं एक ठरलेलं वाक्य आहे: प्रकल्प राज्यवार किंवा जिल्हावार नव्हे, विभागीय रेल्वेनुसार घेतले जातात. त्यामागून अख्ख्या महाराष्ट्राची बेरीज येते आणि आपला मार्ग त्यात बुडतो. म्हणून प्रश्नात मार्गाचं नाव आणि आपली विभागीय रेल्वे, म्हणजे मध्य रेल्वे, दोन्ही घाला.

‘माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असं दिसलं तर लोक हिरमुसतात. मला मात्र बरं वाटतं. असली वाक्यं आश्वासन धरली जातात. 1953 पासून लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्यांचा हिशेब ठेवते आणि तीन महिन्यांत पूर्तता मागते. मुदत सरली की खासदारांकरवी समितीला पत्र पाठवा. सोबत प्रश्न क्रमांक, तारीख आणि नेमकं वाक्य. आश्वासन वगळा, अशी विनंती मंत्रालयाला करता येते, पण ती मानायची की नाही हे समिती ठरवते.

मार्चच्या सुमारास आणखी एक वाट असते. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य, आणि मंत्रालयाच्या अनुदान मागण्या (वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे) तिथं कलमवार तपासल्या जातात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळं कॅमेऱ्यासाठी कुणी ओरडत नाही आणि अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागतात. सभागृहात मात्र बऱ्याच मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे वेळ संपली म्हणून, चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. समितीत महाराष्ट्रातलं कोण आहे ते शोधा. पक्ष, जिल्हा कुठलाही असो, वर्षवार तक्त्याची एक प्रत त्यांनाही पाठवा.