नवा चायनीज शाईपेन अडखळतोय?

जिनहाओ किंवा हीरोचा नवा, स्वस्त पेन दोन ओळींतच अडखळला, तर लगेच निबेला दोष देऊ नका. बरेचदा कारखान्यातलं तेल जिभेत, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तिच्याखालच्या खाचांच्या भागात, राहिलेलं असतं.

१. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, पेनातल्या शाई ओढायच्या पंपाने ते पाणी आत-बाहेर करा.

२. साबण जाईस्तोवर साध्या पाण्याने धुवा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात शेवटचं पाणी मात्र आरओच्या कॅनमधलंच घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार जिभेच्या बारीक खाचांत साचतात.

३. निब खाली करून सुती फडक्यावर रात्रभर ठेवा.

मग कॅमलिनची रॉयल ब्लू भरा, ती सहज धुतली जाते. मे महिन्याच्या उन्हात मला झाकलेल्या निबेचा हीरो ६१६ सगळ्यात आवडतो, निबेवरची शाई उशिरा वाळते.

ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई कधीच भरू नका, जीभ बुजते.