घर विकायचंय? रंगाआधी वायरिंग बघा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे तरुण गिऱ्हाईक आधी एसीचा पॉइंट शोधतं. दीड टनाच्या एसीला डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीपासून) ४ चौ. मिमी तांब्याची स्वतंत्र वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) द्या. पंख्यांच्या लाइनवरच एसी जोडला की वायर तापते, एमसीबी सारखा पडतो. कूलरच्या खिडकीपाशी नळ काढा. बादल्या वाहायची हौस आता कुणाला नाही.

पार्किंगमध्ये ई-स्कूटरसाठी १६ अँपिअरचं सॉकेट, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग तपासूनच. गच्चीवर ३ किलोवॉट सोलरला साधारण ३०० चौ. फूट जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडली तर वीज घटते. मॉड्युलर किचनवर मात्र खर्च नको, ज्याची त्याची आवड वेगळी.