सीनेचा पूर शेतात कुठवर आला? उपग्रहाच्या चित्रावरून असा काढा नकाशा

२०२५ च्या सप्टेंबरअखेर सोलापूर जिल्ह्यातली सीना नदी पात्र सोडून माढा, मोहोळ, करमाळ्याच्या रानात शिरली. पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, तेव्हा फोटोसारखं उपग्रहचित्र उपयोगाचं नाही. रडारचंच घ्यावं, ते ढगांतून पाहतं. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट मिळतात.

चित्रं दोन लागतात: पुराच्या तीन-चार आठवडे आधीचं आणि पुरातलं. दोन्हींचा कक्षा-क्रमांक, म्हणजे उपग्रह ज्या वाटेने गेला तिचा क्रमांक, एकच हवा. तो चुकला की रडारचा कोन बदलतो आणि कोरडं रानही बदललेलं दिसतं. डाउनलोड करताना व्हीव्ही पट्टा (उभी लहर पाठवून उभीच परत घेतलेली नोंद), ३२ बिट टिफ (फाइलचा प्रकार), यूटीएम ४३ उत्तर (आपल्या भागाची नकाशा-मोजणी पद्धत) आणि १० मीटरची चौकट निवडा. डेसिबलमध्ये बदलून रंगवलेलं चित्र नको, मूळ आकड्यांचा कच्चा पट्टाच घ्या.

आता क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (तो चित्राच्या प्रत्येक चौकटीच्या आकड्यावर गणित करतो) दोन अटी घाला; दोन्ही जुळतील ती चौकट पुराची. नंतरचं भागिले आधीचं ०.५ पेक्षा कमी, आणि नंतरचं ०.०२ पेक्षा कमी. संथ पाण्यावरून रडारची लहर पुढे निसटते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पहिल्या अटीमुळे नदीचं नेहमीचं पात्र, भरलेली शेततळी बाहेर पडतात. जोराचा वारा असेल तर लाटांमुळे पाणी उजळ दिसतं, मग ०.०२ ची मर्यादा थोडी वाढवून पाहा. शेवटी क्यूजीआयएसमधलं सीव्ह हे चाळणीचं साधन वापरून ५ चौकटींपेक्षा लहान ठिपके काढून टाका.

एक चौकट १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. गट नकाशा वर ठेवला की हिशेब सोपा होतो. तरी अर्ध्या एकराखालच्या तुकड्याच्या आकड्यावर विसंबू नका, बांधाकाठी चूक होतेच.

सगळ्यात मोठी फसगत उसात होते. उंच उसाच्या पाल्यावरूनच लहर परतते, खाली कमरेएवढं पाणी असलं तरी नकाशात ऊस कोरडा दिसतो. सोलापुरात हे विसरून चालणार नाही. शेजारची सोयाबीन, कांदा दोन्ही बाजूंनी बुडालेली आणि जमिनीची पातळी तीच असेल, तर तो ऊस ‘बुडाल्याची शक्यता’ म्हणून वेगळ्या रंगात दाखवा.

एकच उपग्रह त्याच कक्षेत १२ दिवसांनी येतो. पूर ओसरल्यावरचं चित्र मिळालं तर नकाशा कमीच क्षेत्र दाखवणार. म्हणून चित्राची तारीख आणि वेळ नकाशावरच लिहा, आणि उसाच्या बुडख्यावरची गाळाची रेघ पाहून हद्द दुरुस्त करा.