सीएफबीसीवर नवीन लागलात? मग लाइमस्टोन फीडरला लगेच हात लावू नका

सीएफबीसी म्हणजे हवेने उडत फिरणाऱ्या तापलेल्या कणांच्या थरात (बेडमधे) कोळसा जाळणारा बॉयलर, आणि कोळशातला सल्फर पकडायला त्यात फीडरमधून लाइमस्टोन, म्हणजे चुनखडी, टाकतात. अशा बॉयलरवर येणाऱ्या बहुतेक ट्रेनींना त्याचं समीकरण पाठ असतं. चुनखडी भट्टीत तापली की कार्बन डायऑक्साइड सोडून चुना होते, चुना सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन घेऊन कॅल्शियम सल्फेट होतो, झालं. इंटरव्ह्यूला एवढं चालून जातं, पण शिफ्टमधे धुरातल्या एसओटूचा (सल्फर डायऑक्साइडचा) ट्रेंड वर चढायला लागला की हेच समीकरण घात करतं, कारण मग एकच उपाय डोक्यात येतो, फीडर वाढवा.

आधी हिशोब हातानी करून बघा. 1 टक्का सल्फरचा 1 टन कोळसा म्हणजे 10 किलो सल्फर, त्याला कागदावर साधारण 31 किलो शुद्ध चुनखडी पुरते. प्रत्यक्षात नव्वद टक्के सल्फर पकडायचा तर दुप्पट-अडीचपट टाकावी लागते. का? तर कार्बन डायऑक्साइड निघून गेला की चुन्याच्या कणात बारीक छिद्रं पडतात आणि सल्फर त्यातूनच आत जातो, पण जे सल्फेट तयार होतं ते चुन्यापेक्षा अडीच पटीहून जास्त जागा खातं, मग बाहेरच्या बाजूची छिद्रं बुजतात आणि आतला चुना तसाच कोरा राहून राखेत जातो. निम्म्याहून जास्त चुना असा वाया जातो, आणि हे नॉर्मल आहे, घाबरू नका.

म्हणून ट्रेंड चढला की मी आधी बेड टेंपरेचर बघतो. 850 अंश सेल्सिअसच्या आसपास सगळं छान चालतं. 800 च्या खाली चुनखडी नीट फुटतच नाही, म्हणजे तिचा चुना होत नाही, आणि 900 च्या वर गेलात, त्यात खाली हवा कमी पडत असेल, तर तयार झालेलं सल्फेट परत मोडून एसओटू सोडायला लागतं, मग कितीही चुनखडी ओता. लोड वाढवताना हे हमखास दिसतं. त्यानंतर ऑक्सिजन आणि सेकंडरी एअर (भट्टीत वरच्या बाजूनी सोडलेली हवा) बघायची, आणि मग चुनखडीच्या कणांचा साइज, ज्याच्याकडे खरं तर कुणीच बघत नाही! फार बारीक दळलं तर माल सायक्लोनमधे (धुरातले कण पकडून परत भट्टीत पाठवणाऱ्या भागात) न अडकता उडून जातो, जाड राहिला तर वर सांगितलं तसा आतून कोरा. क्रशरची जाळी फाटली असेल तर कंट्रोल रूममधे बसून ते कळणार नाही, सिव्ह टेस्टचा (चाळण्यांनी कणांचा साइज मोजायच्या चाचणीचा) रिपोर्ट स्वतः मागून घ्या.

आणि जास्त टाकली तर काय बिघडलं असं विचारणारे भेटतातच. चुनखडी फुटायला उष्णता लागते, ती तुमच्याच कोळशातून जाते. राख वाढते. शिवाय मोकळा चुना नायट्रोजन ऑक्साइड वाढवतो, म्हणजे एक आकडा खाली आणताना दुसरा वर. राखेतला तो चुना पाणी लागलं की तापतो आणि सिमेंटसारखा धरतो, त्यामुळे राख ओली करायच्या ठिकाणी गॉगल न घालता जाऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.

अजून एक, मीटर पीपीएममधे दाखवतोय की मिलिग्रॅममधे ते पहिल्याच दिवशी विचारा. एसओटूचा 1 पीपीएम म्हणजे 2.86 मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर, आणि लिमिट बहुतेक वेळा ठराविक ऑक्सिजनला करेक्ट करून, म्हणजे धुरात ठराविक टक्के ऑक्सिजन धरून, दिलेली असते, कच्चा आकडा तिच्याशी ताडून उपयोग नाही.